हरवलेला बँड आणि उकळलेलं सॅम्पल

गेल्या महिन्यात या सदरात एबीसीए१ या प्रथिनावर लिहिलं होतं. पेशीत साठलेलं कोलेस्टेरॉल बाहेर काढून एचडीएलच्या, म्हणजे ते रक्तातून वाहून नेणाऱ्या कणांच्या हवाली करणारं हे प्रथिन, आणि ते शोधायला प्रयोगशाळेत वापरतात ती अँटिबॉडी, म्हणजे नेमकं त्यालाच चिकटणारं दुसरं प्रथिन. त्यावर आलेल्या पत्रांतली तीन आज घेते. मधल्या पत्राचं उत्तर लांबणार आहे. ते पत्र वाचताना मला माझीच २००३ सालची जेलं आठवली, प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करायची.

लालबागहून एक वाचक लिहितात : वय ७१, पूर्वी गिरणीत होतो. माझ्या रिपोर्टात एचडीएल ३१ आलं आहे. तुम्ही लिहिलेली एबीसीए१ अँटिबॉडीची टेस्ट परळला कुठे होते? नातू म्हणतो, ऑनलाइन मिळते. मागवू का?

नका मागवू. ऑनलाइन दिसते ती टेस्ट नव्हे, तो प्रयोगशाळेतला कच्चा माल आहे. बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत १०० मायक्रोलिटर द्रव असतो, म्हणजे जेमतेम दोन थेंब, आणि बाटलीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं. शिवाय हे प्रथिन पेशीच्या आवरणात रुतून बसलेलं असतं. आपण पॅथॉलॉजीत देतो त्या रक्तातून ते मोजायची नेहमीची चाचणी नाही.

मात्र तुमच्या ३१ या आकड्यामागे कदाचित एक अँटिबॉडी उभी असेल. एचडीएल थेट मोजायच्या काही पद्धतींमध्ये एलडीएल आणि त्याच्या भावंडांवर चिकटणारी अँटिबॉडी रक्ताच्या नमुन्यात घालतात. ती त्यांना झाकून टाकते. मग उरलेल्या एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल तेवढं मोजलं जातं.

एबीसीए१ मुळातच बिघडलेलं असेल तर एचडीएल ३१ वर थांबत नाही, जवळजवळ शून्यावर येतं. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात टँजियर नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या एका भावा-बहिणीच्या घशातल्या गाठी नारिंगी झालेल्या आढळल्या. डोनाल्ड फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली त्या आजाराचं वर्णन केलं. तो नारिंगी रंग साठून राहिलेल्या कोलेस्टेरॉलमुळे आला होता. कारणीभूत जनुक सापडायला पुढे १९९९ साल उजाडलं. मस्जिद बंदरच्या गोदामाबाहेर हातगाडी रिकामी उभी आहे, पण आतून गोणी उचलून आणणारा माथाडी नाही, असा हा प्रकार. माल आत कुजतो आणि गाडी मोकळीच परत जाते. तुमच्या बाबतीत तसं काही दिसत नाही. पुरुषांमध्ये ४० च्या खालचं एचडीएल कमी धरतात आणि आपल्याकडे ते पुष्कळांचं कमी असतं.

आकडा नुसता वर चढवून भागत नाही, हेही लक्षात असू द्या. टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल चांगलंच वाढत होतं, पण ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होताहेत असं दिसल्यावर २००६ च्या डिसेंबरमध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. एलडीएल, साखर आणि रक्तदाब एकत्र बघायला सांगा. तंबाखू किंवा मिश्री असेल तर तेही त्यांच्यापासून लपवू नका. अँटिबॉडीचे पैसे वाचतील, त्यातून नातवाला एखादं पुस्तक घ्या.

डोंबिवलीची एक विद्यार्थिनी लिहिते : ताई, मी एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचं डिझर्टेशन करतेय. एबीसीए१ ची सशाची अँटिबॉडी आमच्या लॅबमध्ये नव्हती. दुसऱ्या लॅबमधल्या सीनियरने २० मायक्रोलिटर दिली. मे महिन्यात थर्मासमध्ये बर्फ घालून ती लोकलने आणली. एचईके पेशींवर (माणसाच्या मूत्रपिंडापासून लॅबमध्ये वाढवलेल्या) तीन वेळा ब्लॉट केला (जेलमध्ये वेगळी झालेली प्रथिनं पातळ मेम्ब्रेनवर उतरवून, म्हणजे ट्रान्सफर करून, त्यावर अँटिबॉडी लावायची; ती चिकटते तिथे पट्टा, म्हणजे बँड दिसतो). २५० किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास काहीच नाही, पण ६५ च्या जवळ दणदणीत बँड येतो. गाईड म्हणतात, तो तुटलेला तुकडा असणार, तसंच लिही, सबमिशन जवळ आलंय. अँटिबॉडी लोकलमध्ये खराब झाली असेल का? की माझ्या हातालाच काही येत नाही?

आधी लोकलचं सांगते, म्हणजे तुझ्या मनावरचं एक ओझं उतरेल. अँटिबॉडी एवढ्या नाजूक नसतात गं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी उपनगरातल्या एका लॅबमध्ये होते. वीज गेली आणि आमचा उणे २० चा फ्रीजर तीन दिवस बंद राहिला. चौथ्या दिवशी दार उघडलं तेव्हा आत कुबट वास होता आणि तळाला पाणी साचलं होतं. सगळं फेकायला निघालेल्यांना मी थांबवलं. पुढचे दोन महिने आम्ही एकेक बाटली ब्लॉटवर तपासली. निम्मं ग्लिसरॉल घातलेल्या सगळ्या प्रायमरी, म्हणजे थेट प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी, चालल्या. मेल्या त्या बहुतेक एन्झाइम जोडलेल्या सेकंडरी, म्हणजे प्रायमरीला चिकटून बँड दिसता करणाऱ्या. थर्मासमधल्या बर्फात तासाभराचा प्रवास तुझ्या अँटिबॉडीला मारणार नाही. तिला मारतं ते वारंवार गोठवणं आणि वितळवणं. उरलेली असेल ती छोट्या भागांत वाटून ठेव.

आता खरं विचारते. सॅम्पल उकळलंस का? पत्रात तू लिहिलेलं नाहीस, पण नक्कीच ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवलं असशील, कारण सगळ्यांना तसंच शिकवतात. पुस्तकातल्या बहुतेक प्रथिनांना ते चालतं. एबीसीए१ ला नाही चालत. २२६१ अमिनो आम्लांची त्याची साखळी पेशीच्या आवरणातून बारा वेळा आरपार जाते. आवरणात राहणारे हे भाग तेलकट असतात, पाण्यापासून पळणारे. उकळलं की ते एकमेकांना धरतात आणि नासलेल्या दुधासारख्या गाठी होतात. गाठ जेलमध्ये शिरतच नाही, वरती वेलच्या, म्हणजे सॅम्पल ओतायच्या खाचेच्या तोंडाशी अडकून बसते.

२००३ साली मी चार महिने हेच केलं. सगळं काटेकोर होतं, प्रत्येक बफर हाताने बनवलेला, आणि ब्लॉट दर वेळी कोरा. रात्री साडेनऊच्या गाडीने घरी जाताना मी रडले आहे, दारातल्या खांबाला धरून. एके दिवशी आमच्या लॅबमधले ज्येष्ठ तंत्रज्ञ शेजारी येऊन उभे राहिले. मी नेहमीप्रमाणे स्टॅकिंग जेल कापून बाजूला टाकत होते. त्यांनी विचारलं, “वरचं जेल कुठे टाकतेस?” म्हटलं, “कचऱ्यात.” म्हणाले, “उद्या टाकू नकोस. तेही ट्रान्सफरला लाव.” दुसऱ्या दिवशी फिल्म धुतली तर वेलच्या कडांवर काळ्या रेघा, काजळ लावावं तशा. चार महिने मी माझं प्रथिन स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. त्यानंतर सॅम्पल ३७ अंशांवर अर्धा तास ठेवलं, उकळलं नाही. त्याच आठवड्यात बँड आला.

म्हणून हाताला दोष देऊ नकोस. तीन वेळा केलेल्या ब्लॉटवर तीनही वेळा तेच दिसलं, याचा अर्थ तुझा हात स्थिर आहे.

आता जेल. एबीसीए१ हिशोबाने २५४ किलोडाल्टनचं आहे. १० टक्क्यांच्या जेलमध्ये ते जेमतेम दारात येऊन उभं राहतं. ६ टक्क्यांचं ओत. ते हातात लिबलिबित लागतं, फाटतं, तर जपून उचल. मार्करही, म्हणजे वजन माहीत असलेल्या प्रथिनांचं मिश्रण, २५० च्या वर जाणारा घे, नाहीतर तुझा बँड नेमका कुठे आहे हे सांगताच येणार नाही. ट्रान्सफर सेमी-ड्रायने पंधरा मिनिटांत उरकू नकोस. टाकीत बुडवून, कोल्ड रूममध्ये, ३० व्होल्टवर रात्रभर. मिथेनॉल २० ऐवजी १० टक्के कर, कारण मिथेनॉल जेलला आवळतं आणि मोठं प्रथिन आतच राहतं. सकाळी पॉन्सोने रंगवून बघ. वरच्या भागात गुलाबी पट्ट्या दिसल्या नाहीत तर अँटिबॉडी वाया घालवायची नाही, तिथेच थांबायचं.

याहून मोठी अडचण पेशींची आहे. एचईके पेशी तू का निवडल्यास? बहुधा लॅबमध्ये त्याच वाढत होत्या म्हणून. त्यांच्यात एबीसीए१ फार थोडं असतं, म्हणून तर लोक त्यांच्यात बाहेरून जनुक घालून हे प्रथिन अभ्यासतात. जिथे वस्तूच नाही तिथे ती सापडली नाही, म्हणून शोधणाऱ्याला बोल लावायचा का? टीएचपी-१ या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून वाढवलेल्या पेशी मिळव. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशींचं भांडार आहे, पण तुझ्याकडे तेवढे दिवस नसतील, म्हणून आधी मुंबईतल्याच लॅबमध्ये विचार. इथे पेशी मागायला लाजायचं नसतं, आम्ही सगळ्यांनी डबा मागावा तशा मागितल्या आहेत. पीएमए हे रसायन देऊन त्यांचे मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या भक्षक पेशी, बनव. मग अर्ध्या पेशींना रात्रभर टी०९०१३१७ दे, अर्ध्यांना फक्त ते ज्यात विरघळवलं तो द्रावक. हे रसायन एलएक्सआर नावाची कळ दाबतं आणि पेशी एबीसीए१ बनवायला लागते. कोलेस्टेरॉल साठलं की पेशीत आपोआप हेच होतं.

पेशी फोडताना बर्फ सोडू नकोस आणि प्रोटिएज इनहिबिटर, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारी रसायनं, ताजे घाल. एबीसीए१ ला तोलून धरणारं कुणी नसेल तर त्याचं निम्मं आयुष्य एक-दोन तासांचंच असतं. चहाला जाऊन येईपर्यंत ते कमी झालेलं असतं.

मग ६५ चा तो दणदणीत बँड कुणाचा? मला दोघांचा संशय येतो. पहिला, गायीच्या वासराच्या सीरममधलं अल्ब्युमिन. त्याचं वजन ६६ किलोडाल्टन, आणि तुझ्या पेशी त्याच सीरममध्ये वाढतात. फोडण्याआधी पीबीएसने (मिठाच्या बफरने) तीनदा नीट धुतलं नाहीस तर ते ढिगाने सोबत येतं आणि सशाच्या पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक जातींचं मिश्रण असलेल्या अँटिबॉडीतले काही घटक त्याला जाऊन चिकटू शकतात. दुसरा संशयित तुझी सेकंडरी. एक पट्टी कापून घे, तिला प्रायमरी देऊच नकोस, थेट सेकंडरी दे. ६५ ला बँड आला तर प्रश्न मिटला, तो एबीसीए१ चा नाही.

५ मायक्रोलिटर उरली असेल असं धरते. १:१००० ला त्याचे ५ मिलिलिटर होतात. डबीत ओतलंस तर एकदाच्या ब्लॉटलाही पुरणार नाही. मेम्ब्रेनची अरुंद पट्टी काप, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, तीन बाजू सील कर, २ मिलिलिटर आत सोड, हवेचा बुडबुडा बोटाने बाहेर ढकल आणि चौथी बाजू बंद कर. रात्रभर कोल्ड रूममध्ये हलत ठेव. असं दोनदा होतं. आणखी एक, वापरलेल्या कुठल्या बफरमध्ये सोडियम अझाइड आहे का ते बघ, कारण अझाइड सेकंडरीच्या एन्झाइमला मारतं.

लेन अशा लाव. पहिली, औषध दिलेले मॅक्रोफेज, न उकळलेले. दुसरी, न दिलेले. तिसरी, तुझ्या एचईके. चौथी, पहिलंच सॅम्पल, पण मुद्दाम उकळलेलं. ही चौथी लेन तुझ्या गाईडसाठी आहे.

त्यांच्याबद्दल मला राग नाही. सबमिशनची तारीख त्यांच्याही डोक्यावर असते. पण ‘तुटलेला तुकडा’ हा अंदाज आहे आणि अंदाज तपासता येतो. तुकडा असेल तर आख्ख्या प्रथिनासोबत वाढला पाहिजे. औषध दिल्यावर २५० चा बँड गडद झाला आणि ६५ चाही झाला, तर त्यांचं म्हणणं विचारात घ्यावं. २५० चा वाढला आणि ६५ चा जसाच्या तसा, तर तो परका आहे. २५० चा मुळात दिसतच नसेल तर तुकडा कशाचा म्हणायचा? अँटिबॉडीसोबतच्या कागदावर ती प्रथिनाच्या कुठल्या टोकाविरुद्ध बनवली आहे तेही लिहिलेलं असतं, ते वाच. सरांना हेच शब्द सांग, “सर, एकदा इंडक्शन करून, म्हणजे औषधाने एबीसीए१ वाढवून बघते, एक आठवडा द्या.” मोठ्याने नको, वादाच्या सुरात नको, पण सांग.

एक आठवडा नाहीच मिळाला, तर डिझर्टेशनमध्ये जे दिसलं ते लिही. एचईके पेशींमध्ये या अँटिबॉडीने २५० च्या जवळ बँड दिसला नाही, ६५ च्या जवळ दिसला, त्याची ओळख पटलेली नाही. पूर्ण ब्लॉटचा फोटो लाव, कापलेला नको. लॉट नंबर लिही. पुढच्या वर्षी तुझ्या जागेवर बसणारी मुलगी हे वाचेल आणि तिचे चार महिने वाचतील. ६५ च्या बँडला एबीसीए१ म्हणून लिहिलंस तर तीच मुलगी त्यावर तिचा प्रयोग उभा करेल. मी अशा एका जुन्या बँडवर विसंबून पेशींची अख्खी एक खेप संपवलेली आहे, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

विलेपार्ल्याच्या एक आजी लिहितात : नातीच्या फ्रीजमधल्या बाटलीवर ‘रॅबिट’ लिहिलेलं आहे असं ती म्हणाली. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्या सशाचं काय होतं?

आजी, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. प्रयोगशाळेतल्या आम्हा लोकांना हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही आणि आम्हीही आपण होऊन बोलत नाही.

सशाला त्या प्रथिनाचा छोटासा तुकडा टोचतात. शरीराला तो परका वाटतो, ते त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. काही आठवड्यांनी कानाच्या शिरेतून रक्त काढतात. थोडं थोडं अनेकदा काढता येतं. पण शेवटी बहुतेकदा ससा बेशुद्ध करून सगळं रक्त काढून घेतात आणि तो मरतो. हे मी गोड करून सांगणार नाही.

मुंबईला ही गोष्ट नवी नाही. परळच्या जुन्या राजभवनात १८९९ पासून असलेल्या हाफकिनचं नाव तुम्ही सर्पदंशाच्या औषधासाठी ऐकलं असेल. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात आणि त्याच्या रक्तातून उतारा काढतात. तोही अँटिबॉडीच. त्यात घोड्याला मारत नाहीत, तो पुन्हा पुन्हा रक्त देतो. कोकणात माझ्या चुलतभावाला फुरसं चावलं तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात तेच औषध होतं. तो आज बागायत करतो.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन या दोघांनी वेगळी वाट काढली. उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी त्यांनी न मरणाऱ्या कर्कपेशीशी जोडली. एकदा अशी पेशी मिळाली की ती काचेच्या भांड्यात वाढत राहते आणि एकाच जातीची अँटिबॉडी देत राहते. १९८४ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं, सोबत नील्स येर्ने होते. पुढे कित्येक वर्षं या पेशी उंदराच्या पोटात वाढवून पाणी काढायचे. मी ते पाहिलेलं आहे. ते उंदीर फुगून हलेनासे व्हायचे, आणि त्या खोलीत जायचं म्हणजे माझ्या पोटात कालवायचं. आता ते काम बहुतेक बाटल्यांतच होतं.

त्याच्या पुढची तऱ्हा म्हणजे रिकॉम्बिनंट. चांगल्या अँटिबॉडीच्या जनुकाची अक्षरं एकदा वाचून घेतली की ती पेशींमध्ये घालून हवी तेवढी बनवता येते. सुरुवातीला एक प्राणी लागलेला असतो, नंतर प्रत्येक खेपेला नवा लागत नाही. शिवाय दर लॉटला माल तोच येतो. सशाच्या पॉलिक्लोनलमध्ये ससा बदलला की अँटिबॉडी बदलते, आणि वरच्या पत्रातल्या मुलीसारख्या मुलींचे महिने त्यात जातात. म्हणून या बाबतीत तुमचा आणि माझा कल एकाच बाजूला आहे.

नातीला बाटलीवरचं पूर्ण नाव वाचायला सांगा. ‘रॅबिट पॉलिक्लोनल’ असेल तर त्या खेपेमागे ससे आहेत. ‘रिकॉम्बिनंट रॅबिट मोनोक्लोनल’ असेल तर ती पेशींतून बनलेली आहे, त्या बाटलीसाठी वेगळा ससा लागलेला नाही. पुढची ऑर्डर देताना लॅबमध्ये दुसरी मिळते का, एवढं तिला विचारता येईल. बऱ्याच प्रथिनांसाठी आता मिळते. महाग पडते, पण उरलेली बाटली पुढच्या लॉटशी जुळते.